परत मागितलेला वानवळा

कोणाला काही द्यायची वेळ माझ्यावर फारशी आली नाही. आमची खोली पहिल्या मजल्यावर, खाली पंक्चरचं दुकान, मागं नाला. शेत नाही, परसू नाही. अक्काचं तसं नाही. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. खुलताबादच्या पुढं तिची वस्ती आहे आणि शेतात अद्रक असते. तिच्याकडून येताना माझी पिशवी कधी रिकामी आली नाही. हुरडा, वाळकं, नवी ज्वारी, शेंगा. शेतात नवं काही निघालं की आपल्या माणसांना थोडं थोडं पोचवायचं, याला आमच्याकडं वानवळा म्हणतात. घेणाऱ्यानं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत. मी तिच्या डब्यात साखर घालून पाठवायचे. दुकानातली साखर. ती काही म्हणायची नाही, पण मला ते दरवेळी टोचायचं.

म्हणून त्या पावसाळ्यात नाल्याच्या वरच्या अंगाला ती भाजी दिसली तेव्हा मला फार आनंद झाला. तिथं पाण्याची मोठी पाइपलाइन गळते. आमच्या नळाला पाणी येतं ते दिवसांमागून दिवस वाट पाहायला लावून, पण त्या जागेला रोज मिळतं. तिथं हिरवागार पट्टा झाला होता. समोरासमोर लांबट पानं, लोळणारे देठ, पेरापेराला फुटलेली मुळं, वर पांढरी बारीक फुलं. मी थांबलेच. आई ओढ्याकाठून आणायची तीच ही भाजी, असं वाटलं. तिचं खरं नाव आम्हाला माहीत नव्हतं. आई नुसती पाणभाजी म्हणायची. शेंडे खुडून मुगाच्या डाळीत घालायची. आई गेल्यावर ती भाजी कोणी केली नाही, आणि तो ओढाही आता कोरडा असतो.

मी शेंडे खुडून आणले, केली. चव काही जुळली नाही. पण आईच्या हातचं कशालाच जुळत नाही, असं म्हणून मी तो विचार बाजूला सारला. तिथंच खरं तर मी थांबायला हवं होतं.

थोडे देठ शेजारच्या भाभीला दिले. तिनं ते गच्चीत रंगाच्या जुन्या डब्यात लावले. आणि एक मोठी जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून मी अक्काकडं नेली.

अक्कानं फडकं सोडलं आणि ओरडलीच. "अगं माय! ही तर आईची भाजी! कुठं गावली गं तुला?"

"नाल्याजवळ," मी म्हणाले.

"शहरात? आन् आम्ही हितं रानात ऱ्हाऊन दिसली नाय कधी!" तिनं दाजींना हाक मारली. "अवो, बघा तरी, माझ्या बहिणीनं काय वानवळा आणलाय!"

दाजी म्हणाले, "साखर नाय का या बारीला?" आणि तिघंही हसलो. मला इतकं बरं वाटलं होतं की परतीच्या एसटीत मी उगाच हसत होते. शेजारची बाई मला बघून सरकून बसली.

अक्कानं त्यातले अर्धे देठ शिजवले आणि अर्धे पाझर तलावाच्या काठाला खोचले. वस्तीच्या वरच्या अंगाला तो तलाव आहे. त्याचं पाणी झिरपून खालच्या विहिरींना येतं आणि त्या विहिरींवर सगळ्यांची अद्रक. प्यायचं पाणीही तेच. अक्काची विहीर तलावाच्या सगळ्यात जवळ.

मी शहरात, औरंगपुऱ्यात, मुलींच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटते. तिथं बोलावं लागत नाही म्हणून मला ते काम आवडतं. मुली येतात, मावशी म्हणतात, ताट घेतात. थंडीत एका सकाळी मी नाल्यावरून भाजी खुडून तशीच पिशवीत घेऊन कामावर गेले. पिशवी ओट्याखाली ठेवली होती. वनस्पतींचं शिकणारी एक मुलगी पाणी घ्यायला आत आली. चष्मा लावणारी, लातूरकडची. तिनं पिशवीतून बाहेर आलेला देठ उचलला आणि तिथंच उभी राहिली.

"मावशी, हे कुठून आणलं?"

"भाजी आहे," मी म्हणाले.

"खाता तुम्ही हे?"

मी मान हलवली. पीठ माझ्या हाताला तसंच होतं.

तिनं देठ मधोमध मोडला आणि माझ्या डोळ्यांपुढं धरला. आत पोकळ. शरबताची नळी असते तसा. मग तिनं फूल दाखवलं. "याला दांडी आहे बघा. पानाच्या बेचक्यातून लांब दांडी आणि तिच्या टोकाला फूल. तुमची जी भाजी आहे ना मावशी, तिचं फूल दांडीवर नसतं. बेचक्यातच चिकटून बसतं. आणि तिचा देठ असा पोकळ नसतो. दोघी एकाच घराण्यातल्या आहेत, म्हणून फसायला होतं."

"मग ही कोण?"

"ही बाहेरच्या मुलखातली. इंग्रजीत हिच्या नावात मगर आहे." ती हसली, पण मग माझ्याकडं बघून थांबली. "नाल्याकाठची खाऊ नका. काय काय शोषून घेते ती. आणि कुठं लावू तर बिलकुल नका. बी लागत नाही हिला आपल्याकडं, पण गरजही नाही. एक पेर पाण्यात पडलं की तिथून नवीन वेल. तळं झाकून टाकते, खालचं पाणी कुजतं. ओल्या शेतात शिरली तर निघता निघत नाही."

मी पोळी तव्यावर टाकली आणि ती करपली. कितीतरी वर्षांनी माझ्याकडून पोळी करपली.

दुपारपर्यंत माझं कशात लक्ष लागेना. मी मनात एकच मोजत होते. जुडीत देठ किती होते, एका देठाला पेरं किती. घरी आल्यावर आधी भाभीकडं गेले. ती गच्चीत कपडे वाळत घालत होती. मी दारातच उभी राहिले. काय बोलायचं ते चार वेळा जुळवलं होतं, तरी तोंडातून एवढंच आलं, "भाभी, ती भाजी परत दे."

"क्या?" तिनं चिमटा दातात धरून विचारलं.

"मी दिली होती ती."

"दिए सो चीज कोई वापस मंगता क्या?" ती कंबरेवर हात ठेवून हसायला लागली. "मियां से झगडा हुआ क्या? हौ, ले जा, ले जा. मेरे को तो वैसे बी पसंद नक्को आई. कच्ची कच्ची लगती."

मी डबा उचलला. मग विचारलं, "देठ कुठं टाकलेस? उरलेले?"

"नाली में, और किधर?"

नाली नाल्यालाच जाते, आणि नाल्यात ती आधीच होती. तरीही मी त्या नालीच्या कडेनं वाकून चालत गेले. लोक बघत होते. मला लोकांनी बघितलेलं सहन होत नाही, पण त्या दिवशी मी चालले. दोन जागी पेरं अडकून हिरवी झाली होती. मी ती काढली. डब्यातली माती चाळून मुळं वेगळी केली आणि सगळं पत्र्यावर उन्हात पसरलं. भाभीला दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी दिली. ती म्हणाली, "ये भी वापस लेगी क्या? पहले बोल दे, मैं लगाती नहीं."

नाल्यावरच्या मोठ्या पट्ट्याचं काय करायचं हे मला कळत नव्हतं. मेसमधल्या त्या मुलीनं फोटो काढून तिच्या सरांना पाठवले. मी एकटीनं काढण्याजोगी ती जागा नव्हती. माझ्यापुढं अक्काचा तलाव होता.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. अक्का फोनवर एकटीच बोलते, मला हं म्हणायचीही सवड मिळत नाही. शेवटी सुट्टी घेतली आणि गेले. एसटीत बसून मांडीवर बोटांनी पेरं मोजत होते. घाट कधी गेला कळलं नाही. उतरायच्या जागेच्या पुढं गेले आणि तेवढं अंतर परत चालत आले.

तलावाचा अलीकडचा काठ दिसतच नव्हता. जिथं अक्कानं मूठभर देठ खोचले होते तिथून पाण्यावर हिरवी चटई पसरली होती. कोंबडी चालून जाईल इतकी दाट. काठावर आठ-दहा माणसं आणि चार बायका विळे घेऊन उभ्या होत्या. दोघं गुडघाभर पाण्यात उतरून वेल कापत होते आणि कापलेलं सांडव्याकडं ढकलत होते. सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी ज्या वाटेनं खाली ओढ्यात जातं ती जागा. पाणी अजून त्यावरून बारीक धारेनं वाहत होतं. हिरवे तुकडे त्या धारेवर बसून खाली चालले होते. खाली सगळ्यांच्या विहिरी, सगळ्यांची अद्रक.

अक्का मला बघून पुढं आली. "बरं झालं आलीस. बघ काय गवत माजलंय. तळ्यात सोडलेल्या मोटारीच्या जाळीत बसतंय, दाजी वैतागलेत."

मी तिला बाजूला घेतलं. सगळं सांगितलं. पोकळ देठ, दांडीवरचं फूल, पेर. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"म्हंजे आपण लावली ती?"

"हं."

"ही आईची भाजी नाय?"

"नाही."

तिनं मागं वळून माणसांकडं बघितलं. मग माझं मनगट धरलं. "कोणाला बोलू नको. कापतेत ना, कापू दे. जाईल वाहून. मी साऱ्या वस्तीला सांगितलंय, माझ्या बहिणीनं आणली म्हणून. बायांनी खुडून नेली हितून. आता काय सांगू त्यांना?"

"वाहून जात नाही अक्का. खाली जाऊन लागते."

"तू गप ऱ्हा. तुला गप ऱ्हायला काय शिकवायला पायजे व्हय?"

ते खरं होतं. मी आयुष्यभर गप्प राहिले. शाळेत चौथीत असताना बाईंनी उभं करून कविता म्हणायला सांगितली तेव्हा माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही, आणि पुढं शाळा सुटली ती सुटलीच. लग्नात, सासरी, मेसमध्ये, कुठंही चार माणसांत मी बोललेली नाही. अक्काच माझ्या वाट्याचं बोलायची. पण समोर विळे चालत होते. प्रत्येक घावाला दोन तुकडे, प्रत्येक तुकड्याला पेरं. माझे हात थांबेनात. मी साडीच्या काठाला गाठी मारत होते आणि सोडत होते.

मी पाण्याच्या कडेला गेले. एक देठ उपटला. दोन पेरांच्या मधला तुकडा नखानं तोडला. एका बाईच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मागून घेतला. तुकड्याचं एक टोक पाण्यात धरलं, दुसरं तोंडात, आणि फुंकले. तांब्यात बुडबुडे आले.

ती बाई हसली. "काय करतेय ही पावणी?"

दुसरी आली बघायला. मग पाण्यातले दोघं विळे थांबवून बघायला लागले. एवढंच मला हवं होतं, विळे थांबायला. एक म्हातारे होते, डोक्याला उपरणं बांधलेले. ते म्हणाले, "काय ओ ताई, काय दाखवताव?"

"पोकळ आहे," मी म्हणाले. आवाज फार बारीक निघाला. "हवा आहे आत. म्हणून तरंगते. तुकडा बुडत नाही. जिथं लागेल तिथं फुटते. कापू नका."

"कापू नगं तर काय पुजा करू?" पाण्यातला एक म्हणाला. सगळे हसले.

"मुळासकट उपटायची. पाण्याबाहेर लांब, खडकावर वाळवायची. सांडव्याला जाळी बांधायची, नाहीतर तुकडे खाली विहिरीला जातील."

म्हाताऱ्यांनी सांडव्याकडं बघितलं. धारेवरून एक तुकडा गेला, तो त्यांनी ओढ्याच्या वळणापर्यंत नजरेनं सोडला नाही. मग म्हणाले, "पर ही आली कुठून? मागल्या साली तर नव्हती."

अक्का माझ्याकडं बघत होती. ज्यांनी खुडून नेली होती त्यातल्या दोघी बायका अक्काकडं बघायला लागल्या, आणि मला दिसलं की आता सगळा दोष तिच्यावर जाणार.

"मी आणली," मी म्हणाले. "भाजी समजून. अक्काला माहीत नव्हतं. मी दिली."

"वानवळा!" त्यातली एक म्हणाली. "चांगला वानवळा दिला बाई तुमच्या बहिणीनं!"

अक्का घराकडं निघून गेली.

त्या दिवशी विळे बाजूला ठेवले गेले एवढं खरं. दाजींनी मच्छरदाणी आणून सांडव्याला दगडांनी दाबून बांधली. दाजी माझ्याशी नीट बोलले. त्यांचीच मोटार अडकत होती. ज्या बायकांनी देठ नेले होते त्यांच्या दारात मी गेले आणि मागितले. दोघींनी शिजवून टाकले होते. एकीनं मोरीच्या पाण्यावर लावले होते. तिनं ते माझ्या पायाशी टाकले, हातात दिले नाहीत. मी बसून एकेक पेर वेचलं.

घरी गेले तेव्हा अक्का चुलीपाशी होती. तिनं चहा दिला. पाठ माझ्याकडंच ठेवली. निघताना पिशवी हातात घेतली तर ती हलकी होती. पहिल्यांदाच.

उन्हाळ्यात तलाव खाली गेला तेव्हा खरं काम झालं. पाणी आटल्यावर ओल्या चिखलात मुळं दिसली, बोटाएवढी जाड, पांढरी. वर नुसतं ओढलं तर ती तुटायची. कुदळीनं खणून काढावी लागली. दर रविवारी मी पहिल्या एसटीनं जायचे. कधी पाच माणसं असायची, कधी मी आणि दाजी दोघंच. वेल ताडपत्रीवर घालून ओढत खडकावर न्यायची, पातळ पसरायची, पार करकरीत वाळली की पेटवायची. वाळली असं वाटून एकदा ढिगात हात घातला तर खालचे देठ ओलेच होते आणि त्यांना कोवळी पानं फुटली होती. तेव्हापासून मी ढीग करू दिला नाही. जिथं फार दाट होती तिथं दाजींनी काळा प्लास्टिकचा कागद अंथरून कडेनं माती दाबली. निघताना चपलांच्या तळव्यातला चिखल काठीनं खरडायचा, ताडपत्री तिथंच झटकायची. माणसं मला हसायची. "पावण्या बाई, नखं पन बघू का?" म्हणायची. मी हो म्हणायचे.

अक्का एकदाही तलावावर आली नाही. माझी भाकरी दाजींच्या फडक्यात बांधलेली यायची, म्हणजे ती तीच थापायची. दोन भाकरी, ठेचा, कांदा. मी फडकं धुऊन परत पाठवायचे. त्यात काय ठेवावं ते सुचायचं नाही. साखर ठेवायचा धीर झाला नाही. फडकं रिकामंच जायचं.

पावसाळ्यात पाणी भरलं आणि माझी झोप गेली. मेसमध्ये पोळी लाटताना तलावाचा काठ दिसायचा. त्या मुलीला मी विचारलं, "आता संपली का गं?" ती म्हणाली, "मावशी, खोटं कशाला सांगू. पुढची दोन-तीन वर्षं तरी बघत राहावं लागेल." मला तिचा राग आला. दुसऱ्या दिवशी मी तिच्या पोळीला जास्त तूप लावलं.

पावसाळाभर फुटवे निघाले. एका रविवारी सतरा, नंतर नऊ, नंतर चौदा. कमी होत गेले असं नीट सांगता येत नाही. ओढ्याच्या वळणावरही निघाले, त्या पहिल्या दिवशी वाहून गेलेल्या तुकड्यांचे. खालच्या पहिल्या शेतापर्यंत मात्र नाही. मी काठ तीनदा फिरायचे. दाजी म्हणायचे, "बसा की आता जरा." मला बसवत नव्हतं.

परवा गेले तेव्हा अद्रक काढायला सुरुवात झाली होती. काठावर दोन फुटवे मिळाले, दोन्ही कागदाच्या कडेला. ते काढून मी डब्यात बंद केले आणि परत निघाले. वाटेवर अक्का उभी होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी. इतक्या महिन्यांत ती माझ्यासमोर अशी आली नव्हती. मी थांबले. ती माझ्या चिखलाच्या पायांकडं बघत राहिली.

"किती?" तिनं विचारलं.

"दोन."

"मागल्या बारीला?"

"पाच."

तिनं पिशवी माझ्यापुढं धरली. नवी अद्रक होती. दरवर्षी ती मातीसकट देते, मातीत टिकते म्हणून. या वेळी एकेक कांडी धुतलेली होती, पांढरी स्वच्छ. एक मुळी नाही, एक पान नाही.

"धुऊन दिलीय," ती म्हणाली. "तुझ्यावानी नाय मी. घरी जाऊन बघून घे, काय चिकटलंय का."

मी पिशवी घेतली. तिच्या हाताची बोटं पाण्यानं सुरकुतलेली होती. बराच वेळ धूत बसली असणार.

"पुढच्या रविवारी येशील?" तिनं विचारलं.

"हं."

"मग दाजीच्या हाती फडकं रिकामं धाडत जाऊ नको. बरं दिसत नाय."

ती वळून अद्रकीच्या वाफ्यात गेली. एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. घाट सुरू होईपर्यंत मी पिशवी मांडीवर धरून नुसती बसले. मग राहवलं नाही. एकेक कांडी बाहेर काढली, उजेडात फिरवून बघितली, बेचक्यात नख घालून बघितलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "किडकी निघाली का?"

"नाही," मी म्हणाले. "बहिणीनं दिलीय."